तुमचा दगड बरोबर गेला

डॉक्टर, आधी एवढं सांगते, म्हणजे तुम्ही निर्धास्त व्हाल. तुमचा दगड बरोबर गेला. परवा, दहाव्याला, मांजरा नदीच्या डोहात, भावजींच्या हातून, सगळ्या भावकीसमोर. अर्जेंटिनाचा नाही, सहाराचा नाही. तुमचाच गेला.

हसताय ना? हसा. पण त्या सकाळी वेळ अशी आली होती, की तुमच्याऐवजी एखादी उल्का तिळाचं पाणी घेऊन वैकुंठाला गेली असती, आणि तुमचा जीव आपल्या अंगणात पोत्यावर वाळत पडला असता.

तुम्ही कुठं शिकलात, कुठल्या कुठल्या गावी नोकरी केलीत, ते सगळं पेपरात आलं. भावजींनीच दिलं होतं. त्यात 'मुक्या जनावरांचा देवदूत' असंही छापलं होतं; ते वाचून तुम्ही पेपर शेळीपुढं टाकला असता. दगडांबद्दल मात्र एक ओळ नाही. भावजी म्हणाले, "वहिनी, लोक हसतील." आता इतकी वर्षं त्या दगडांना मीच हसत आले, तर लोकांना हसू द्यायला माझी काय ना असणार? पण ते राहून गेलं, म्हणून हे लिहायला बसले.

पाटोद्याकडच्या ह्या माळावर लग्न होऊन आले तेव्हापासून मी दगडच बघत आले. नांगर घातला की दगड, विहीर खणली की दगड, बांधाला दगड, चुलीला दगड, अंगावर धावून येणाऱ्या कुत्र्यालाही दगडच. अशा मुलखात माझ्या नवऱ्यानं एक दिवस पोस्टानं दगड मागवला. पोस्टमननं जाड पाकीट दिलं, तुम्ही ते ओट्यावर बसून कात्रीनं इतकं हळू कापलंत, की मला वाटलं आत कानातलं आहे. आतून कापसात गुंडाळलेला, आवळ्याएवढा काळा खडा निघाला.

"इकत घेतला?" मी विचारलं.

"हां."

"आवो, आपल्या माळावर काय दगडांचा दुष्काळ पडलाय का?"

"ह्यो माळावरचा न्हाई," तुम्ही म्हणालात, "ह्यो पृथ्वीवरचाच न्हाई."

"मग परत पाठवा त्याला. घरचे वाट बघत असतील."

तुम्ही इतके हसलात, की दावणीची गाय उठून उभी राहिली. आपल्या त्या भांडणाची सुरुवात अशी झाली, आणि खरं सांगायचं तर ते भांडण कधी मिटावं असं मला वाटलंच नाही. नवरा-बायकोला भांडायला एक तरी बिनविषारी विषय लागतो. आपल्याला मूलबाळ नव्हतं, सासूबाई लवकर गेल्या, मग भांडायचं कशावरून? दगडांनी ती सोय केली.

पुस्तकात त्यांना अशनी म्हणतात, हे तुम्हीच मला सांगितलंत, आणि स्वतः मात्र सगळ्यांना उल्काच म्हणत राहिलात. गरिबाची उल्का, हा तुमचा खास शब्द. मोठमोठे तुकडे संग्रहालयांनी घ्यावेत, आपण आपलं आवळ्या-लिंबाएवढं बघावं. घाईनं घ्यायचं नाही. विकणाऱ्याकडं आधी कापलेल्या बाजूचा फोटो मागायचा. आत लोखंडाचे चमचमते कण दिसले तरच पुढं बोलायचं. वरून काळी पातळ साल पाहिजे, भरतासाठी भाजलेल्या वांग्यासारखी. फार चकचकीत दगड आणि फार गोड बोलणारा माणूस, दोन्ही टाळायचे. एकदा चंद्रावरचा म्हणून तुम्ही मोहरीएवढा कण घेतलात. तो डबीत आहे की सांडला, हे बघायला मला चष्मा लावावा लागला. त्या वेळी मी काय म्हणाले ते इथं लिहीत नाही.

स्वस्तातली उल्का का मिळते, हे तुम्ही मला एकदा भाकरी थापताना समजावलं होतं. उल्केला जिथं पडली त्या गावाचं नाव देतात. पण वाळवंटात मेंढरं राखणाऱ्यांना जी पडलेली सापडते, ती कधी पडली, कशी पडली, कुणाला ठाऊक नसतं. तिला नाव नसतं, नुसता आकडा असतो. ती स्वस्त. "आन् जी पडताना कुणीतरी डोळ्यांनी बघितली," तुम्ही म्हणालात, "ती महाग. दगड त्योच. पण बघणारं माणूस पाहिजे."

"म्हंजे पैसे दगडाचे न्हाईत, साक्षीदाराचे," मी म्हणाले.

"आत्ता कळायलंय तुला!" तुम्ही खूश झालात, आणि माझी भाकरी करपली.

शिवाय तुमचा तो चुंबक. कडब्यातून तारेचे तुकडे, खिळे गिळणाऱ्या गाईच्या पोटात तुम्ही जो बोटाएवढा लोहचुंबक सोडायचात, त्यातलाच एक दोऱ्याला बांधून तुम्ही कायम जवळ ठेवलात. आला दगड की टांग चुंबक. खऱ्या उल्केला तो टक्कन चिकटायचा. आपल्या माळाच्या काळ्या दगडापाशी नुसता जरासा डोलायचा. आपल्याही दगडात थोडं लोखंड असतं म्हणे. मेंढकं चार-चार दगड पटक्यात बांधून यायची, "डॉक्टर, ही बघा, रात्री आभाळातून पडली." तुम्ही एकालाही 'जा बे' म्हणाला नाहीत. चहा द्यायचात, प्रत्येक दगडावर चुंबक टांगायचात, आणि सगळं माळाचंच निघालं की गंभीर चेहरा करून सांगायचात, "ह्यो पडलेला न्हाई. ह्यो आधीपासूनच हितला हाय." माणूस आनंदानं परत जायचा, जसं काही त्याच्या दगडाला डोमिसाइल मिळालं. चहा मात्र मी करायची.

एकाच दगडापाशी तुम्ही चुंबक नेऊ दिला नाहीत. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर ट्रक ड्रायव्हरकडून घेतलेला तो दगड. मी म्हणायची, वीटभट्टीचं खंगर आहे ते, जळून काळी पडलेली वीट. तुम्ही म्हणायचात, असू दे. मी चुंबक आणायला उठले की तुम्ही दगड खिशात घालून गोठ्याकडं निघायचात. त्याचं पुढं सांगते.

आणि ह्या सगळ्यावर माझी एक ठरलेली धमकी होती. "तुमच्या मागं हे सगळे दगड मी नदीत टाकून देणार." भांडण हरायला लागले की मी हे बोलायची. तुम्ही म्हणायचात, "टाक की. उल्काच हायेत, पडायची सवय हाय त्यांना."

आता परवाचं ऐका.

स्मशानात मडकं फोडायला भावजींनी जो खडा उचलला, तोच तुमचा जीवखडा झाला. दहाव्यापर्यंत जीव त्याच्यात राहतो आणि मग त्याला पाण्यात सोडायचं, एवढं आपल्याकडं पोरासोरांनाही माहीत असतं. तुम्ही-मी असल्या गोष्टी फारशा मानल्या नाहीत. पण खरं सांगते, तो खडा फडक्यात बांधून आला आणि मी हळू आवाजात बोलायला लागले. घरात आणायचा नसतो, म्हणून भावजींनी तो अंगणातल्या तुमच्या दवाखान्याच्या खोलीत टेबलावर ठेवला. रोज आंघोळ करून ते त्याच्यावर तिळाचं पाणी घालायचे. शेजारीच तुमच्या उल्कांचा ट्रे. मला ते बरंच वाटलं. म्हटलं, ओळखीच्यांत आहेत.

नवव्या दिवशी अक्का त्या खोलीत झाडायला गेल्या. तुमची थोरली बहीण म्हणजे काय, रडू आवरेना की झाडू हातात घेते. ट्रेवर धूळ दिसली. "भावाची येवढी हौसंची चीज, आन् पाव्हण्यांनी अशी मळकी बघायची?" म्हणून त्यांनी सगळ्या डब्यांतले दगड काढले, पाटीत घातले, आणि चिंच-राखेनं घासले. हो, चिंच-राखेनं. देवाची भांडी घासतात तसे. जिला गंज लागू नये म्हणून तुम्ही औषधांच्या खोक्यांतल्या ओल शोषणाऱ्या पुड्या जपून ठेवायचात, ती लोखंडी उल्का आता समईसारखी चमकते. चंद्र तेवढा वाचला, कारण त्याची डबी अक्कांना उघडता आली नाही.

त्याच सपाट्यात फडकं मळलं म्हणून त्यांनी ते सोडलं. खडा क्षणभर पोत्यावर वाळत घातलेल्या दगडांत ठेवला आणि धुतलेलं फडकं आणायला दोरीकडं गेल्या. परत आल्या तर ती लोखंडी सोडून बाकी सगळे सारखेच काळे, सारखेच ओले. घाबरून त्या कुणालाच काही बोलल्या नाहीत. सकाळी भावजी खडा न्यायला आले तेव्हा अंगणात मटकन बसल्या.

"माझ्या हातानं भावाचा जीव हरवला गं," एवढंच म्हणत होत्या.

गुरुजी नदीवर जाऊन बसलेले. भावकी गाड्यांत बसलेली. भावजी वाकून वाकून दगड बघत होते. स्मशानात त्यांनी तो उचलला तेव्हा अंधारून आलं होतं आणि डोळ्यांत पाणी होतं. काळा होता, लिंबाएवढा होता, ह्यापलीकडं त्यांना काही सांगता येईना. चुकीचा दगड सोडला असता तर गावात कुणाला कळलंही नसतं. पण अक्का ह्या वयात ते ओझं घेऊन घरी गेल्या असत्या, आणि रोज देवापुढं बसून तुम्ही कुठं अडकला असाल ह्याचा घोर करत राहिल्या असत्या. मी त्यांना ओळखते. तेवढ्यात भावजींना एकदम सुचलं.

"वहिनी, सगळेच सोडू नदीत. एक तर असंलच त्यात. तुमीच म्हणत हुता की, मागं सगळे टाकीन म्हणून."

डॉक्टर, इतक्या वर्षांची माझी धमकी खरी व्हायला आली होती. भावजींनी पोत्याची चार टोकं उचललीसुद्धा. बिचाऱ्यांचं चुकलं नाही, त्यांनी माझीच आज्ञा पाळली होती. आणि मी एवढ्या जोरात ओरडले, "ठिवा खाली!" की गाडीतली माणसं खाली उतरली.

तुमची पिशवी खुंटीला होती. थर्मामीटरशेजारी चुंबक, दोऱ्यासकट. मी पोत्यापाशी फतकल मारून बसले. सगळी भावकी गोल करून उभी. सुतकातल्या घरात विधवा दोऱ्याला चुंबक बांधून दगडांवर फिरवतेय, हे दृश्य बघायला तुम्ही पाहिजे होतात. एकजण हळूच म्हणाला, "ह्ये कोणत्या पोथीत हाय?" अक्का डोळे पुसत त्याच्यावर खेकसल्या, "तू गप ऱ्हा बे!"

पहिला दगड, टक्कन. उचलून बाजूला. दुसरा, टक्कन. एकेक उल्का चुंबकाकडं अशी झेप घेत होती, की मी भराभर दगड बाजूला सारायला लागले. शेवटी पोत्यावर दोनच उरले. एकाला चुंबक अजिबात विचारीना. दुसऱ्यापाशी जरासा डोलला आणि थांबला. माळाचा. हितलाच.

मी तो अक्कांच्या हातात दिला. त्यांनी डोळ्यांजवळ नेला, उलटा केला, आणि भावजींकडं वळून एकदम किंचाळल्या, "तीळ! भागवत, ह्याला तीळ हाय!" एका बारीक खळीत खरंच एक काळा तीळ अडकून बसला होता. रोजच्या तिळाच्या पाण्यातला. अक्कांनी तो खडा कपाळाला लावला, मग भावजींना मिठी मारली, मग मला. मग आम्ही तिघंही रडता रडता हसायला लागलो. दहाव्याच्या दिवशी हसतात का असं? पण सुटल्यासारखं झालं होतं, त्याला काय करणार?

आपल्याकडं बाया दहाव्याला नदीवर जात नाहीत. मी गेले. ज्या खड्याला मी ओळखून काढलं, त्याला पोचवायला दुसऱ्यांवर कसं सोडू? कावळ्याचंही सांगते: गुरुजींनी पिंड ठेवून हात मागं घेतला नाही तोवर तो येऊन शिवला. लोक म्हणाले, डॉक्टरांची काही इच्छा राहिली नव्हती. मग भावजींनी खडा पाण्यात सोडला. डुबुक असा आवाज आला आणि मला मोकळा श्वास आला.

श्वासावरून एक बोलते, ते तुमच्याशिवाय कुणाशी बोलता येत नाही. शेवटच्या महिन्यांत ते ऑक्सिजनचं मशीन लावून तुम्ही उशीला टेकून बसायचात आणि एकेक श्वास ओढायचात, तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून तुमच्याबरोबर श्वास ओढायची. तुम्ही सुटलात. मला दुःख आहे, ते कुठं जात नाही, पण त्याच्या आधी मला बरं वाटलं, हे खरं आहे. लोक समोर आले की मी पदर तोंडाला लावते, कारण चेहऱ्यावरचं हे बरं वाटणं त्यांना कळणार नाही. तुम्हाला कळेल. अडलेली गाय मोकळी झाली की तुम्ही हात न धुताच ओट्यावर येऊन बसायचात. तसं आहे हे.

तुमची इच्छा राहिली नव्हती म्हणे. माझं एक भांडण राहिलं होतं, ते कावळ्याला कोण सांगणार?

पोत्यावर जो दुसरा दगड उरला होता, चुंबकाला न विचारणारा, तो मांजरसुंब्याचा. खंगरच आहे तो, डॉक्टर. घरी येऊन मी उजेडात बघितला. धिरड्यासारखी भोकं आहेत त्याला. उल्केला भोकं नसतात, हे मला कुणी शिकवलं? तुम्हीच. जिंकले मी. आणि जिंकल्याचं सांगायला उठून दवाखान्याच्या खोलीपर्यंत गेले, दारात पोचल्यावर आठवलं. तिथंच उंबऱ्यावर बसून राहिले, आणि बसल्या बसल्या मला तो दिवस सगळा दिसला.

आपण बार्शीहून येत होतो. माझ्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट आला होता. साधी गाठ, काही नाही, घरी जा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. जाताना आपण वाटेत एक शब्द बोललो नव्हतो. येतानाही तुम्ही बोलला नाहीत. मांजरसुंब्याला गाडी थांबवलीत, चहा सांगितलात, आणि टेबलावर चुंबक काढून नुसता इकडून तिकडं फिरवत बसलात. शेजारच्या टेबलावरच्या राजस्थानच्या ड्रायव्हरनं विचारलं, हे काय? तुम्ही सांगितलंत. तो धावत ट्रककडं गेला आणि सीटखालून हा दगड घेऊन आला. वाळवंटात आभाळातून पडलेला, म्हणाला. त्यानं तो टेबलावर ठेवला. चुंबकाच्या अगदी शेजारी.

चुंबक हलला नाही. आज मला ते लख्ख दिसतंय. तुम्ही बघितलंत, चुंबक उचलून खिशात घातलात, आणि तो जे मागेल ते देऊन वर त्याच्या जेवणाचंही दिलंत.

"आवो, तपासा तरी," मी म्हणाले.

"असू दे. आज कुणालाच न्हाई म्हणायचं न्हाई."

मी घरापर्यंत फुगून बसले. मला त्या दिवशी तुमच्याकडून एक वाक्य पाहिजे होतं. तू राहिलीस, बरं झालं, एवढंच. आणि तुम्ही वीटभट्टीचा तुकडा घेऊन बसला होतात, दोन्ही हातांत धरून, गाडी सुरू करायचं विसरून. तुम्हाला तेव्हा हातात धरायला काहीतरी पाहिजे होतं, हे मला परवा उंबऱ्यावर कळलं. ते वाक्य मला मिळालं, डॉक्टर. उशिरा मिळालं, पण पूर्ण मिळालं. आणि मलाही तुम्हाला कधी सांगता आलं नाही, ते आता सांगते: त्या दिवशी मी मेले नाही ह्याचा आनंद मला तुमचा चेहरा बघून झाला, रिपोर्ट बघून नाही.

ट्रे परत लावलाय. अक्कांनी घासलेल्या लोखंडी उल्केला जरा तेल लावून ठेवलंय, चालतं ना? नदीत काही टाकलं नाही. खंगर त्याच्या जागी आहे, मधोमध.

काल अक्का गावी जायला निघाल्या, तेराव्याला परत येते म्हणून. पिशवी भरली, पाया पडून झालं, आणि शेवटचं म्हणून त्या खोलीत डोकावल्या. सगळ्या दगडांवरून नजर फिरवली आणि ह्याच्यावर बोट ठेवलं.

"ह्यो भोकाभोकाचा कुठला गं? ह्याला चुंबक कावून धरीना?"

"तो महागातला हाय, अक्का," मी म्हणाले. "मांजरसुंब्याला पडला. पडताना मी बघितला."